सहावं चित्र

४ ऑगस्ट

मामा,

खुशाली शेवटी विचारेन, आधी राग. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला आज ओरडूनच बोलायचंय, तेव्हा कागदावर ओरडते.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं सुइणींचं पुस्तक तुला आठवतच असेल. बांधणी तुझ्याच हातची आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी छापलेलं, बाळंतपण कसं करावं ते सांगणारं, आत तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली सात घडीची चित्रं. माझ्या जुन्या पुस्तकांच्या वर्गाचं ते लाडकं पुस्तक. दर वर्षी आठ मुलांना घेऊन मी दुर्मिळ विभागात बसते. हात धुवायचे, कोरडे करायचे, पुस्तक उशीवर ठेवायचं आणि दोन तास नुसतं बघायचं. पान उजेडाकडे धरलं की कागदातल्या जाळीच्या रेघा दिसतात. पानाच्या तळाशी छापलेल्या अक्षरांवरून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे तुझे फर्मे, मोजायचे. समासात कुणा बाईनं शाईनं लिहून ठेवलंय, 'हे करून पाहिले, काही उपयोग नाही.' तिथं पोरं दर वर्षी हसतात, आणि हसली की पुस्तकाला घाबरायचं सोडतात.

यंदा वर्गात एक मुलगी आहे. आधी दोन वर्षं इस्पितळात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. इतर पोरं पुस्तक चाळतात, ही वॉर्डातला तक्ता वाचावा तसं ओळ न् ओळ वाचते. परवा ती पायाळू बाळाचं प्रकरण वाचत होती. मजकुरात लिहिलंय, सहावं चित्र पाहा. ही पाहायला गेली, तर पाचव्यानंतर थेट सातवं. उठली, सरळ टेबलापाशी गेली आणि तिथल्या बाईंना म्हणाली, "मॅडम, यातलं एक चित्र नाहीये."

तिसऱ्या दिवशी तिला निलंबनाचं पत्र! का, तर जुन्या कार्डावर 'चित्रे सात, पूर्ण' असं लिहिलंय, पुस्तक शेवटी तिच्या हातात होतं आणि तिच्या पिशवीत कात्री सापडली. कात्री कसली मामा, बँडेज कापायची, बोथट टोकाची. आणि पिशव्या बाहेरच्या कपाटात ठेवून मगच आत यावं, असं यांच्याच दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. ज्या पोरीनं येऊन सांगितलं तिलाच चोर ठरवायचं, म्हणजे यापुढं कुणी काही सांगणार नाही, ही सोय.

नवे ग्रंथपाल मला म्हणतात, "तुमचे वर्ग तूर्त बंद. यापुढं पडद्यावर दाखवा ना, मुलांना काय फरक पडतो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरक पडत नसता तर सिस्टरच्या लक्षात आलं असतं का? त्यांच्या पडद्यावरच्या प्रतीतही पाचानंतर सात आहे; ती गेल्याच महिन्यात, वर्ग सुरू झाल्यावर काढलेली, म्हणून सिस्टरच्या बाजूनं ती पुरावा धरत नाहीत. ती काढणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि ती तपासणाऱ्याच्याही नाही.

तू तिथं तीस वर्षं बांधणी केलीस. काही सुचत असेल तर लिही. गुडघे कसे आहेत?

तुझी चिंगी


९ ऑगस्ट

चिंगे,

आशीर्वाद. तुझं पत्र सूनबाईनं दोनदा वाचून दाखवलं, मग मी एकदा स्वतः वाचलं. गुडघे आपले आहेत तसेच आहेत.

कोणतं पुस्तक म्हणतेस ते मला नीट आठवत नाही. हजारो पुस्तकं हातांखालून गेली. सुइणींचं म्हणजे बहुधा लहान आकाराचं, जाडसर. असेल.

मला विचारशील तर भांडू नकोस. इतकी मोठी जागा, तिचे इतके नियम, तिथं आपल्यासारख्यांचं कोण ऐकतं? त्या मुलीला म्हणावं, दोन ओळी लिहून दे. चोरी केली असं नव्हे, नुसतं हाताळताना निष्काळजीपणा झाला असेल, एवढंच. वय लहान आहे, माफ करतील. महिन्याभरात सगळे विसरतील. एखादं चित्र कमी असलं म्हणून पुस्तक मरत नाही.

आणि एक सांगतो, चौकशीच्या नादात कुणाला त्या पुस्तकाची शिलाई नि पट्टी उचकटू देऊ नकोस. जुनी खळ असते, पट्टी उचलायला गेलं की खालचं पान सोबत फाटून येतं. मग तुमच्यावर आणखी एक आळ.

तू जेवणाकडं लक्ष देत जा. रागात तुला भूक लागत नाही, मला माहीत आहे.

मामा


१३ ऑगस्ट

मामा,

माफीचं मी सिस्टरला सांगितलं. तुझं नाव न घेता, माझंच मत म्हणून. लाज वाटत होती, पण परीक्षा तोंडावर आहे म्हणून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, वॉर्डात औषध चुकलं तर ज्यानं चुकवलं त्यानं सही करायची असते. मी चुकवलेलं नाही." संपलं. 

वसतिगृहानं तिला खोली सोडायला लावली. निलंबित विद्यार्थिनीला खोली देता येत नाही, असा नियम आहे म्हणे. पुढच्या आठवड्यातल्या पेपरलाही बसू देणार नाहीत. ती सध्या माझ्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर झोपते. सकाळी माझ्या आधी उठून भांडी घासून ठेवते. मी ओरडले की म्हणते, सवय आहे.

आता खरी बातमी. चौकशी समितीपुढं मांडायचं म्हणून मला अर्धा तास पुस्तक पाहायला दिलं. समोर ग्रंथपाल, शेजारी सुरक्षारक्षक, जणू मी पुस्तक गिळणार होते. आणि तुझ्या पत्रामुळं मला सुचलं बघ! तू पट्टी उचकटू नका म्हणालास, म्हणून मी पट्टी शोधली. पाचव्या चित्रामागं, शिलाईच्या अगदी जवळ, बोटभर रुंद करड्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. तुझा कागद, मामा. तोच तो, तुझ्या सगळ्या बांधणीत असतो तो. भिंग लावून पाहिलं. पट्टीखाली चित्राची कापलेली कड आहे, सरळ, फूटपट्टी धरून कापावी तशी. आणि दोरा त्या पट्टीतून गेलाय. म्हणजे आधी कापलं, मग पट्टी लावली, मग शिवलं!

कळतंय का तुला? पुस्तक तुझ्याकडं बांधायला आलं तेव्हाच ते चित्र गेलेलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी. तेव्हा सिस्टरचा जन्मही झाला नव्हता.

ग्रंथपालांना दाखवलं तर म्हणतात, "हे तुमचं मत झालं. बांधणाऱ्याचं लेखी निवेदन आहे का?" मला हसूच आलं. म्हटलं, आणून देते. समिती १८ सप्टेंबरला बसणार आहे. तू फक्त एक ओळ लिहून सही कर, 'माझ्याकडे आले तेव्हा चित्र नव्हते.' एवढंच.

मी पण धुतल्या तांदळासारखी नाही. सहा वर्षं हे पुस्तक शिकवतेय. पोरांना सांगते, सगळं मोजा, छापलेल्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः कधी चित्रं मोजली नाहीत. कार्डावर 'पूर्ण' होतं ना.

लवकर लिही.

चिंगी


२७ ऑगस्ट

मामा,

दोन आठवडे झाले. तुझी तब्येत बरी आहे ना? वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, जेवण व्यवस्थित, औषधं व्यवस्थित, पण दिवसभर टेबलापाशी बसतात, लिहितात आणि फाडतात. तुला अक्षराची लाज वाटतेय का? वेडंवाकडं असलं तरी चालेल. एकच ओळ हवीय.

सिस्टरचा पेपर बुडाला. त्या दिवशी सकाळी ती सवयीनं तयार होऊन, पेन खिशाला लावून बसली होती. मग उठली आणि माझं कपाट आवरलं.

चिंगी


३० ऑगस्ट

चिंगे,

ही अकरावी वेळ. हे पत्र आता फाडत नाही.

ती ओळ मी लिहू शकत नाही, कारण ती खोटी आहे. पुस्तक माझ्याकडं आलं तेव्हा त्यात सातही चित्रं होती. सहावं मी कापलं.

सांगतो ते सगळं वाच. तुझी आई गेली आणि तू आमच्याकडं आलीस, ते वर्ष. मी तेव्हा रोजंदारीवर होतो. दर सहा महिन्यांनी कामावरून कमी करायचे नि आठ दिवसांनी परत घ्यायचे. नवा वाचनकक्ष तयार झाला होता, त्याच्या उद्घाटनाला एक नामांकित डॉक्टर येणार होते, बाळंतपणाचे. त्याच आठवड्यात ते पुस्तक माझ्या टेबलावर सुटं पडलं होतं. जुनी शिलाई काढलेली, फर्मे वेगळे केलेले. मोठे साहेब, म्हणजे तेव्हाचे ग्रंथपाल, स्वतः खाली आले. ते कधी आमच्या तळघरात येत नसत. चित्रं एकेक उलगडून पाहिली आणि सहाव्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे जरा काढून द्या. डॉक्टरांना फ्रेम करून देऊ. पुस्तक तुम्ही शिवणारच आहात."

मी म्हटलं, "साहेब, पुस्तक अपुरं होईल." ते म्हणाले, "हे कोण मोजणार आहे?"

तू शेजारच्या बाकावर बसून रद्दीच्या कागदाच्या घड्या घालत होतीस. तुला खळीचा ब्रश धुवायला पाठवलं. तू नळावरून परत यायच्या आत कापलं होतं. मग पट्टी लावली. कापलेलं उघडं ठेवलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. नीट लावली, तुला भिंग लागलं म्हणजे नीटच लावली असणार. फ्रेमही मीच केली. दोन महिन्यांनी मला कायम केलं. त्या पगारावर तू शिकलीस. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तुला आज ना उद्या सुचणारच, म्हणून आधी लिहितो.

मामा


३ सप्टेंबर

मामांस,

पत्र मिळालं.

एकतीस वर्षांपूर्वीचं मी समजू शकते. समजू शकते म्हणजे माफ करते असं नाही, पण समजू शकते. तुमच्या घरात नऊ वर्षांची एक पोरकी पोर होती, नोकरी धाग्यावर लटकलेली होती आणि मोठा साहेब समोर उभा होता. ठीक.

पण गेल्या महिन्यात? गेल्या महिन्यात तुम्हाला काय हवं होतं? नोकरी नाही, साहेब नाही, साहेबांचा फोटो भिंतीवर लागला त्याला वीस वर्षं झाली. ९ ऑगस्टला तुम्ही शांतपणे बसून मला लिहिलंत की त्या मुलीला माफी मागू दे. तुम्ही केलेल्या कामाची माफी तिनं मागायची! आणि मी मूर्ख, ते शब्द घेऊन तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. तुमच्या तोंडचं मी तिला माझ्या तोंडानं सांगितलं. हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत.

मी पट्टीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. आठवत नाही म्हणता आणि पट्टी उचकटू नका म्हणता. मला वाटलं, अनुभवी माणसाचा सल्ला. वर्गात दुसऱ्यांना वाचायला शिकवते आणि घरचं पत्र वाचता आलं नाही.

त्या चित्रावर पायाळू बाळाला कसं सोडवायचं ते काढलेलं होतं. ज्या बायकांचं बाळ अडतं, त्यांच्यासाठी कुणीतरी तांब्यावर ओरखडून काढलं होतं. ते तुम्ही भिंतीवर लावायला दिलंत.

सिस्टरला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू ते तुम्हीच कळवा.


११ सप्टेंबर

चिंगे,

शिवी दिली असतीस तरी चाललं असतं. 'तुम्ही' लिहिलंस. असो. तुझं बरोबर आहे.

विचारलंस ते सांगतो. गेल्या महिन्यात मला भीती वाटली. समितीची नाही, पेन्शनची नाही. तू मला कार्यशाळेत शिकवणारा मामा म्हणून बघतेस. लोकांना सांगतेस की पुस्तकाला हात कसा लावायचा ते मला मामानं शिकवलं. ते जाईल अशी भीती. ते वाचवायला मी एका परक्या पोरीला पुढं केलं. याला दुसरं काही नाव नाही.

सांगायचं ते मी तिला स्वतः सांगेन. १८ तारखेला येतोय.

नुसता माझा शब्द चालायचा नाही, म्हणून काल बाहेर पडलो. ते डॉक्टर केव्हाच गेले, पण त्यांचं प्रसूतिगृह आहे, इथून बसनं दोन तास. आता नात चालवते, तीही डॉक्टर. आत गेलो तर समोरच्याच भिंतीवर, बाकांच्या वर. माझीच फ्रेम, माझ्याच हातचा कोपरा. खाली दहाबारा बायका नंबरची वाट बघत बसलेल्या, कुणी मान वर करून बघत नव्हतं. मीच आपला उभा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, पेशंट कोण आहे?" म्हटलं, "मीच." त्यांना वाटलं म्हातारा चळलाय.

डॉक्टरबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. खुर्चीवर चढून स्वतः फ्रेम काढली आणि उलटी केली. मागं माझा पुठ्ठा, त्यावर मोठ्या साहेबांच्या अक्षरात, 'आमच्या संग्रहातील जुन्या ग्रंथातून, डॉक्टरसाहेबांना सप्रेम भेट', खाली पुस्तकाचा क्रमांक आणि सही. मी तेव्हा ते वाचलंच नव्हतं, मी पुठ्ठा दिला आणि ते वर घेऊन गेले होते. चोरीचा माल देताना माणूस क्रमांक घालून सही करतो का चिंगे? म्हणजे त्यांना ती चोरी वाटलीच नव्हती. घरची वस्तू काढून द्यावी तशी दिली. माझंच तेवढं काळीज धडधडत होतं.

डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आमच्या आजोबांना कुणी सांगितलं नसेल?" मी म्हटलं, "पाठीवर लिहिलंय बाई." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "विद्यापीठानं लेखी मागणी करू दे, त्याच दिवशी देते. तुमच्या हातात नाही देणार, रागावू नका." मी कशाला रागावू? माझ्या हातात देऊच नये. मागच्या बाजूचा फोटो मात्र काढून दिला, तो घेऊन येतोय.

मामा


२२ सप्टेंबर

चिंगे,

घरी पोचलो. तू जाताना दुसऱ्या जिन्यानं गेलीस. मी पाहिलं. तक्रार नाही.

तुला आत येऊ दिलं नाही, म्हणून झालं ते लिहितो. लांब टेबल, तिघे बसलेले. मध्ये कायदा शिकवणारे अध्यक्ष, एका बाजूला कुलसचिव, दुसऱ्या बाजूला तुझे ग्रंथपाल. पुस्तक मध्ये ठेवलेलं. मला पांढरे हातमोजे दिले. मी म्हटलं, "साहेब, यानं बोटाला कागद कळत नाही, पान फाटतं. धुतलेले हात बरे." ग्रंथपालांना ते आवडलं नाही, पण अध्यक्षांनी हात धुवायला पाठवलं.

मी पट्टी दाखवली. दोरा कुठून गेलाय ते दाखवलं. कुठं उभं राहून, कोणत्या सुरीनं कापलं तेही सांगितलं. मग फोटो ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला लेखी आदेश होता?" मी म्हटलं, "नाही साहेब. 'जरा काढून द्या' याला कागद लागत नाही."

तिघे एकमेकांकडं बघायला लागले. मग कुलसचिव फार गोड बोलायला लागले. "आजोबा, या वयात तुम्ही आलात, मोठी गोष्ट आहे. तुम्ही तुमच्यापुरतं लिहून द्या. मीच कापलं, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. मोठ्या साहेबांचं नाव वाचनकक्षाला आहे, ते कशाला मध्ये? आम्ही तुमच्यावर काही कारवाई करणार नाही. मुलगी आजच्या आज मोकळी."

मी डगमगलो, खोटं सांगत नाही. मुलगी सुटतेय, आणखी काय पाहिजे? आणि मला वाटलं, कापलं तर मीच आहे. पाच मिनिटं मागून घेऊन बाहेर आलो. तू तेव्हा खाली कागदांच्या प्रती काढायला गेली होतीस. बाकावर ती एकटीच होती. मी तिला माझी ओळख सांगितली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं काम, तिनं माफी मागावी म्हणून तुला लिहिलेलं पत्र, आणि आतली मागणी. म्हटलं, "बाळ, लिहून देऊ का? आज सुटशील."

 मला वाटलं, आता ही तोंडावर काहीतरी बोलेल आणि मी ते ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "माझा पेपर बुडाला. खोली गेली. घरी वडलांना अजून सांगितलेलं नाही. एवढं सगळं एका खोट्या ओळीवर सही केली नाही म्हणून झालं. आणि आता तुम्ही माझ्यासाठी दुसरी खोटी ओळ लिहिणार?" मग म्हणाली, "बसा. गुडघा दुखतोय ना, केव्हापासून बघतेय." तिनं मला बाकावर बसवलं, चिंगे. ती माझ्यावर चिडलेली होती, आणि तरी बसवलं.

आत जाऊन मी लिहिलं ते असं : चित्र मी कापलं. ग्रंथपालांच्या सांगण्यावरून कापलं. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. कुलसचिव म्हणाले, हा कागद आम्ही स्वीकारू शकत नाही. मी म्हटलं, टपालानं पाठवतो. खाली येऊन पोचपावतीसह पाठवला. पावती सोबत जोडली आहे, जपून ठेव. यांच्याकडं वस्तू हरवतात.

मामा


२० ऑक्टोबर

मामा,

महिना झाला. लिहायचं नाही असं ठरवलं नव्हतं. बसले की राग यायचा आणि कुणाचा ते कळेनासं व्हायचं.

निकाल लागला. 'पुराव्याअभावी निलंबन मागे घेण्यात येत आहे.' पुराव्याअभावी! तुझा कागद त्यांच्या टपालात, साहेबांच्या अक्षराचा फोटो त्यांच्या टेबलावर, पट्टी पुस्तकात, आणि यांच्याकडं पुरावा नाही. दिलगिरीचा एक शब्द नाही. खोली परत मिळाली, पेपर मात्र पुढच्या वर्षी. सिस्टरनं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "पुरावा नाही असं नाही लिहायचं. चूक नाही असं लिहायचं." तसं लेखी मागायचा अर्ज तिनं दिलाय. अध्यक्षांनी तो निदान नोंदवून घेतला. रविवारी घरी जाऊन वडलांनाही सांगून आली. ते म्हणाले, मला आधी का नाही बोलावलंस, मी आलो असतो.

डॉक्टरबाईंचं विद्यापीठाला पत्र आलंय, मी प्रत पाहिली. लेखी मागा, त्याच दिवशी पाठवते. आणि विद्यापीठ मागत नाही! मी तीनदा गेले. कुलसचिव म्हणतात, "विषय संपला आहे." मागणीचं पत्र लिहायचं तर चित्र आपलं होतं असं लिहावं लागेल, आणि आपलं असेल तर तिकडं गेलं कसं, तेही लिहावं लागेल. म्हणून स्वतःची वस्तू परत घ्यायला तयार नाहीत. कार्डावर अजून 'पूर्ण' आहे. माझे वर्ग अजून बंद. ग्रंथपाल परवा जिन्यात भेटले, म्हणाले, "पडद्याचं काय ठरवलंत?" मी सरळ जिना उतरून आले. बोलले असते तर माझ्याच निलंबनाचं पत्र निघालं असतं.

मग मी दुसरं ठरवलं. पुस्तक देत नाहीत तर न देवोत, सहावं चित्र तर त्यांच्या ताब्यात नाही. डॉक्टरबाईंना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. काल दुपारी आठही जणांना घेऊन गेले. प्रतीक्षाकक्ष भरलेला होता. डॉक्टरबाईंनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली, काच उतरवली. मुलांनी हात धुतले. मी शिकवायला सुरुवात केली, कागद कसला, घडीच्या खुणा कुठं, डावी कड बघा, सुरीनं सरळ कापलीय.

तेवढ्यात बाकावरची एक बाई, आठवा महिना तरी असावा, उठून आली. "कसलं चित्र हो? इतकी वर्षं इथंच आहे, आज कशाला काढलंत?" मी काही बोलायच्या आत सिस्टर तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिला समजावून सांगायला लागली. बाळ पायाकडून येत असेल तर तेव्हाच्या सुइणी हात कुठं धरायच्या, आता काय करतात, तेव्हाचं कुठलं बरोबर होतं, कुठलं साफ चूक. चित्रातलं बाळ मोठ्या माणसासारखं, पिळदार दंडांचं, कसरत करत असल्यासारखं. बाई म्हणाली, "याला नुसत्या मिशा तेवढ्या काढायच्या राहिल्यात!" सगळ्या बायका उठून आल्या. मला बाजूला व्हावं लागलं. पेपर बुडालेली पोर दहा बायकांच्या मध्ये उभी राहून शिकवत होती आणि माझे सात विद्यार्थी वह्या काढून तिचं लिहून घेत होते. इतका चांगला तास मी सहा वर्षांत घेतलेला नाही.

शेवटी त्याच बाईनं विचारलं, "पण हे पुस्तकातलं ना? मग पुस्तकातून काढलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सिस्टरनंही. तिला ठाऊक होतं, पण ते तिनं माझ्यावर सोडलं. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या.

मी सांगितलं, मामा. काही गाळलं नाही. मोठे साहेब सांगितले, त्यांचा हुद्दा, त्यांचं नाव. ब्रश धुवायला गेलेली मुलगी सांगितली. सुरी कुणाच्या हातात होती ते सांगितलं, तुझं पूर्ण नाव घेऊन. आणि माझा मामा, असंही सांगितलं.

चिंगी